वैजयंतीचं झुकतं माप

पन्नास माणसांचं बीपी मोजायचं म्हणजे काय मोठं काम, एका बाजारात हातावेगळं करते, असं वैजयंतीने वाशिमहून आल्या आल्या उंबऱ्यातच जाहीर करून टाकलं. ऐकायला तिचा नवरा देवानंद तेवढा होता आणि तो मेथीच्या जुड्या बांधत होता. "कर," तो म्हणाला. देवानंदच्या तोंडून एवढा शब्द निघाला तरी तो जाहीर पाठिंबा समजायचा असतो.

वैजयंतीला सारं केनवड ओळखतं, तुम्ही ओळखत नसाल म्हणून सांगतो. बाजारात शिरलं की डाव्या हाताला पहिलं दुकान तिचं. घरच्या मळ्यातली वांगी, मेथी, कोथिंबीर, मिरच्या. वीस वर्षं एकाच जागी बसून ती भाजी विकते आहे, पण तिला व्हायचं होतं नर्स. बारावी झाल्यावर तिने फॉर्मसुद्धा आणला होता. तो भरायच्या आधी स्थळ आलं, आणि स्थळाची मुदत नेहमीच फॉर्मपेक्षा कमी असते. फॉर्म राहिला तो राहिलाच. पुढे दवाखान्यात कोणाला भेटायला गेली की ती पेशंटकडे कमी आणि सलाइन लावणाऱ्या बाईच्या हातांकडे जास्त बघायची.

मग एकेचाळिसाव्या वर्षी तिच्या मुलीने, राधिकाने, मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. रुग्णसहायकाची दोन वर्षांची पदविका. वर्ग फक्त शनिवार-रविवार, वाशिमला. बाकीचा अभ्यास घरी, जमेल तेव्हा. वयाची अट नाही. हे शेवटचं वाक्य वैजयंतीने तीन वेळा वाचलं. पांढरा कोट शिवून आला त्या दिवशी दार लावून तिने तो कपाटाच्या आरशासमोर घातला, आणि तिला रडू आलं. देवानंदने दार वाजवलं तेव्हा "कांदा चिरून राह्यली" असं तिने आतून सांगितलं. खोलीत कांदा नव्हता.

तर आता पहिलं वर्ष संपत आलं होतं आणि पन्नास माणसांचं बीपी मोजून प्रॅक्टिकलच्या वहीत नोंदवायचं होतं. प्रत्येक नोंदीपुढे त्या माणसाची सही. वही भरली नाही तर दुसऱ्या वर्षाचा फॉर्म पुढे जाणार नव्हता.

बाजाराच्या दिवशी तिने वांग्यांशेजारी यंत्र मांडलं. हाताला बांधायचा पट्टा, दाबायचा फुगा आणि काटा फिरणारी तबकडी. फुकट आहे म्हटल्यावर लोक जमले. तासाभरात रांग इतकी वाढली की शेजारच्या चंपाबाईचं लसणाचं दुकान झाकून गेलं. चंपाबाई चिडली आणि मग स्वतःच रांगेत उभी राहिली.

घोळ झाला तो इथे. वैजयंतीला अभ्यास सगळा पाठ होता. पण अभ्यास डोक्यात होता आणि मोजत होता हात. त्या हाताने वीस वर्षांत कोणाला काटेकोर माप दिलेलं नव्हतं. अर्धा किलो मिरची तोलली की वर चार मिरच्या, कोथिंबिरीच्या जुडीवर आणखी दोन काड्या. गिऱ्हाईक खूश होऊन गेलं पाहिजे, हा धर्म. काटा एकशे सव्वीसवर थरथरला की हात लिहायचा एकशे तीस. त्यात समोर म्हातारं माणूस असलं, लांबून चालत आलेलं असलं, की वरून आणखी दहा. हे ती करते आहे हे तिला स्वतःला कळतही नव्हतं.

संध्याकाळी घरी येऊन तिने वही चाळली आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. पन्नासातले अडतीस जण एकशे चाळीस किंवा त्याच्या वर. पुस्तकात याला उच्च रक्तदाब म्हणतात. सारं केनवड आजारी आहे आणि हे आपल्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, या विचाराने ती घाबरली, आणि खरं सांगायचं तर थोडी सुखावलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती अडतीस दारं फिरली. मीठ बंद. पापड बंद. ठेचा तर पूर्ण बंद.

गावानं ऐकलं. एरवी गाव कोणाचं ऐकत नाही, पण कागदावरचा आकडा म्हटला की ऐकतं. चार दिवसांनी चंपाबाईकडे नवसाच्या रोडग्यांचं जेवण होतं. इंझोरीहून तिचे व्याही आले होते. रोडगे झाले, वांग्याची भाजी झाली, वरण झालं, आणि मीठ कशातच पडलं नाही. पहिला घास घेऊन व्याही थांबले. ते पाणी प्यायले, त्यांनी दुसरा घास घेतला आणि हळूच मीठ मागितलं.

"मीठ नाही भेटत," चंपाबाई म्हणाली. "आमच्या गावाले बीपी हाय."

व्याही उठून गेले नाहीत, पण ताटात रोडगे तसेच राहिले आणि ही गोष्ट संध्याकाळपर्यंत इंझोरीला पोचली. त्या गावाशी सोयरीक करावी का, इथपर्यंत बोलणं गेलं.

तिकडे पंजाबरावांनी अंथरूण धरलं होतं. गावातले मोठे शेतकरी, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा मुकेश पुण्याला नोकरीत. वहीत त्यांचा आकडा सगळ्यांत मोठा होता, एकशे साठ. गावातलं मोठं माणूस म्हणून हात जरा जास्तच सुटला होता. पोरगा महिन्यातून एकदा फोन करायचा, तो आता दिवसातून दोनदा करायला लागला.

शेवटी अडतीस जण दोन गाड्या करून सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी एकेकाला तपासलं आणि विचारलं, "तुम्ही सगळे कशाला आलात?" एकालाही काही झालेलं नव्हतं.

शनिवारी वर्गात उज्ज्वला मॅडमनी वही उघडली. "वैजयंतीबाई, हे सगळे आकडे शून्यावरच कसे संपतात?"

वैजयंतीने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. "वरून थोडं टाकलं, मॅडम. सवयीनं."

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "भाजी जास्त गेली तर गिऱ्हाईक दुवा देईल. औषध जास्त गेलं तर?" त्यांनी वही परत दिली. तीच पन्नास माणसं, नव्याने, काटा दाखवील तेच, पुढच्या रविवारपर्यंत. नाहीतर एक वर्ष गेलं.

एक वर्ष. एसटीत मांडीवर कोटाची पिशवी घेऊन वैजयंती ते वर्ष मोजत बसली. तेवीस वर्षं गेली तेव्हा कधी मोजली नव्हती, पण हे एक तिला देववत नव्हतं.

कोणी हात देणार नाही असं तिला वाटलं होतं, पण झालं उलटंच. लोक स्वतः दारात आले, कारण प्रत्येकाला आपल्या नावापुढचा आकडा कापून हवा होता. सगळ्यांत आधी चंपाबाई आली.

"माहं नाव काट पयले. व्याही फोन उचलून नाही राह्यले."

"काटता नाही येत काकू. नव्यानं मोजा लागते."

"मंग मोज. अन् दानत बाजूले ठेव."

एकशे अठ्ठावीस. वैजयंतीचा हात वहीवर शून्याकडे वळायला लागला. तिने तो डाव्या हाताने धरला आणि आठ लिहिला. असे शनिवारपर्यंत एकोणपन्नास झाले. राहिले फक्त पंजाबराव. दोनदा ती त्यांच्या घरी जाऊन आली, दोन्ही वेळा ते झोपलेले होते. दिवसा अकरा वाजता झोपलेलं शेतकऱ्याचं घर तिने पहिल्यांदाच पाहिलं.

त्या शनिवारी मॅडमनी वह्या पुऱ्या करायला सुट्टी दिली होती. सकाळी ती दुकानात मिरच्या निवडत बसली होती. समोर काठी टेकल्याचा आवाज झाला. पंजाबराव स्वतःच आले होते. पोत्यावर बसले, बाही वर केली.

काटा उतरला. एकशे बावीस. तिने त्यांना तबकडी दाखवली.

पंजाबरावांनी आकडा वाचला. "थोडं वरून टाक."

"मामाजी?"

"मिरच्यात टाकते न? तसंच. लय नको. चाळीस कर."

"कायले पन? चांगलं हाय न तुमचं."

"चांगलं हाय हे मुकेशले समजलं, त्या दिवसापासून फोन बंद." त्यांनी बाही खाली केली. "दोनदा करे दिवसातून. सकाळी इचारे, झोप लागली का. मले सहा वर्सात कोनं इचारलं नाही थे."

वैजयंतीच्या हातात पेन होता. एका आकड्याने म्हातारा खूश होणार होता, सही मिळणार होती, आणि मॅडमना कळलंही नसतं. तिला ते लिहावंसं वाटलं. वीस वर्षांत कोणी हात पुढे करून मागितलं आणि तिने दिलं नाही, असं झालेलं नव्हतं.

"नाही जमत मामाजी," ती म्हणाली आणि एकशे बावीस लिहिलं.

"मंग सई नाही करत म्या."

ते काठी शोधायला लागले. वैजयंतीने वही मिटली. तिचे डोळे भरून आले होते, वर्षासाठी की म्हाताऱ्यासाठी हे तिचं तिलाच कळेना. मग तिने मिरचीचे हात पदराला पुसले आणि मोबाइल काढला.

"मुकेशचा नंबर सांगा."

"खोटं सांगतं त्याले?"

"नंबर सांगा न."

मुकेशने चौथ्या रिंगला उचलला. "बाबाचं बीपी मोजलं आत्ता," ती म्हणाली. "एकशे बावीस."

"बरोबर आहे मग. फोन कशाला केला?"

"बरोबर हाय हेच सांगाले. पन माणूस सकाळी अकराले झोपून राहते. जेवते का नाही, इचारलं तुमी? पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा मोजते. तवर रोज तुमी इचारा अन् मले सांगा."

पंजाबराव काठी हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी दुसऱ्या हाताने वही ओढली, उघडली आणि पेन मागितला.

"हो, विचारतो," मुकेश म्हणाला. त्याचा आवाज जरा खाली आला होता. "तुम्ही नर्स आहात का?"

वैजयंतीने वहीतल्या पन्नासाव्या सहीकडे पाहिलं. शाई अजून ओली होती.

"होऊन राह्यली," ती म्हणाली.

आणि तेवढ्यात समोरच्या बाईने कोथिंबिरीची जुडी तिच्या नाकासमोर हलवली. "काय व, दोन काड्या वरून टाकतं का नाही?"