घाटेकाकांची संध्याकाळ

आमच्या शेजारचे घाटेकाका ढगांची चुगली करतात. रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आपल्या गच्चीवर उभे राहून अभनपूरच्या दिशेनं बघतात आणि काळं काही दिसलं, की थेट विजेच्या कंट्रोल रूमला फोन. "एक बड़ा निकला है, भैया. सोलर गिरेगा. पानीवाली बिजली तैयार रखो."

जन्मभर तिथेच नोकरी केली त्यांनी. राज्याची वीज कमीजास्त होऊ द्यायची नाही, एवढंच काम. कोळशाच्या काळात निवांत होते म्हणे. मग जिकडेतिकडे सोलर आलं आणि काकांची झोप उडाली. दुपारी वीज उतू जाते, आणि सूर्य बुडतो नेमकं तेव्हाच सगळं रायपूर दिवे, पंखे, मिक्सर लावतं.

"सूर्य उतरून राहिला आन् तू चटणी वाटून राहिली? काहून? दुपारी झोपली होती काय?" हे मी स्वतः ऐकून घेतलंय. पुतणीचं रिसेप्शनसुद्धा यांनी भर दुपारी ठेवायला लावलं. नवरीचा मेकअप गळ्यापर्यंत वाहिला, पण काका खूश. फुकट जाणारी वीज कामी आली ना!

निवृत्त झाले तरी फोन सुरूच. तिथली पोरं ढगांचा अंदाज कॉम्प्युटरवर बघतात, तरी यांचं ऐकून घेतात. परवा एका जुन्या सोबत्यानं सांगितलं, पोरं तुमच्या फोनला कंटाळली. काकांचा चेहराच पडला.

"आज फोन नाही करत," म्हणाले. "पाहतो, माह्याशिवाय होते काय."

आणि त्याच दिवशी चारच्या सुमाराला आभाळ गच्च भरून आलं. काका आमच्या ओसरीवर येऊन बसले. हातात फोन, कपाळावर घाम. चहा दिला, तो तसाच गार झाला. दिवेलागण झाली. पाऱ्यात घरोघरी ट्यूबलाइटी लागल्या. आमचा पंखा एकदाही अडखळला नाही.

"सांभाळलं पोट्ट्यांनी," काकांनी श्वास सोडला. हायसं वाटलं त्यांना, अगदी मनापासून. आणि लगेच इतके एकटे दिसले, की मला भडभडून आलं. काकू गेल्यापासून संध्याकाळी बोलायला तेवढा एक फोनच तर होता.

तेवढ्यात तो वाजला. कंट्रोल रूममधला मुलगा होता, आवाज घाबरलेला. "सर, इतना बड़ा बादल आया और आपका फोन नहीं आया! तबियत ठीक है ना? शिफ्ट छूटते ही हम लोग घर आ रहे हैं."

"आओ, आओ," म्हणत काकांनी फोन ठेवला, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि मला म्हणाले, "किती जण येतील, विचारलंच नाही. पोहे जास्तीचे भिजव."