लाकूड जाळायला वीज

घर गरम ठेवणारी आमची गॅसची फर्नेस म्हातारी झाली आहे असं मेकॅनिक सांगून गेला, तेव्हा मी ठरवलं की या वेळी नीट अभ्यास करून निर्णय घ्यायचा. (मी अभ्यास करतो म्हटलं की सुमेधा, म्हणजे माझी बायको, क्रेडिट कार्ड लपवते.) कॅनडातल्या आमच्या हॅमिल्टनच्या थंडीत गॅस स्वस्त पडतो हे खरं, पण फर्नेसचा पंखा विजेवर चालतो, वीज गेली की गॅस असून नसल्यासारखा. नुसत्या विजेच्या हीटरचं बिल पाहूनच घाम फुटतो, तेवढीच काय ती ऊब. मग मला पेलेट स्टोव्ह सापडला. लाकडाच्या भुशाच्या गोळ्या जाळायच्या. खर्च कमी, आणि लाकूड म्हटल्यावर विजेचा संबंधच काय?

"अरे, पण आपल्याकडे फायरप्लेस आहे की," सुमेधा म्हणाली.

होती. पण घर घेतलं तेव्हा तिचा तो संगमरवरी कोनाडा पाहून आम्ही तिथे देव मांडले होते. इतकं तयार देवघर फुकट कुठे मिळतं?

"देवांना बाहेर काढून आपण शेकत बसायचं?" मी म्हणालो, आणि स्टोव्ह लिव्हिंग रूममध्ये येऊन बसला.

घाईचं कारण माझे सासरे. "तुमच्या मुलीला थंडी वाजू देणार नाही," असा शब्द मी लग्नाच्या बैठकीत दिला होता. तो तपासायलाच की काय, भाऊसाहेब रत्नागिरीहून पहिल्यांदा आले ते ऐन जानेवारीत. एअरपोर्टवरच मी सांगून टाकलं, "वीज गेली तरी आपलं घर गरम."

आठवड्याच्या आत फ्रीझिंग रेन झाला, तारांवर बर्फ चढला आणि वीज गेली. खरं सांगतो, मला आनंदच झाला. सगळ्यांना समोर बसवून मी गोळ्या ओतल्या, बटण दाबलं. पुन्हा दाबलं. भाऊसाहेब टॉर्च घेऊन स्टोव्हच्या मागे वाकले.

"जावईबापू, ही वायर कसली?"

"गोळ्या आत ढकलणाऱ्या मोटरची असावी."

"म्हणजे लाकूड जाळायला वीज लागते?"

"इकडे तशी पद्धत आहे," मी म्हणालो.

"डॅड, इट हॅज अ प्लग," आमची अनन्या म्हणाली. (तिला तो प्लग स्टोव्ह आल्या दिवसापासून दिसत होता म्हणे.)

दुपारपर्यंत घर गार पडलं. दोन स्वेटर आणि माझा विंटर कोट घालूनही भाऊसाहेब कुडकुडत होते. "सुमे, तू चल माझ्याबरोबर परत," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो," सुमेधा म्हणाली (वडिलांसमोर मी 'अहो' असतो, सूर तोच राहतो), "देव हलवूया."

"असे कसे हलवता? आधी कौल लावू," भाऊसाहेब म्हणाले.

त्यांनी शेवंतीची पाकळी पाण्यात बुडवून गणपतीला चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, "बाप्पा, जागा सोडणार असशील तर उजवा कौल दे." तेवढ्यात त्यांचा थंडीने थरथरणारा हात मूर्तीला लागला आणि पाकळी उजवीकडे पडली. धक्का कौलातच धरून सुमेधाने देव उचलायला घेतले.

चिमणी सुमेधा दर वर्षी साफ करून घेत होती. (मला वाटायचं, उदबत्तीच्या धुरासाठी.) प्रश्न होता लाकडाचा. घरात कोरडं लाकूड एकच: स्टोव्ह ज्यात आला ते फळ्यांचं खोकं. परत द्यायची वेळ आलीच तर असावं म्हणून मी ते बेसमेंटमध्ये जपून ठेवलं होतं. माझ्याच हाताने मी ते फोडलं.

जाळ झाला. भाऊसाहेबांनी एक स्वेटर उतरवला, मग दुसरा, आणि मुलीला परत न्यायचं काही काढलं नाही. सुमेधाने तोवर स्टोव्हवर लाल कापड अंथरून देव मांडले होते.

"वीज आली की दुसरीकडे ठेवू," मी म्हणालो.

भाऊसाहेबांनी हात जोडले. "कशाला? राहू देत इथेच. अख्ख्या घरात काही पेटायची भीती नाही अशी ही एकच जागा आहे."