दोनशे दहा युरोंचा केक

शब्द पाळायचा कसा, हे बॅलिनकारा गावाने माझ्याकडून शिकावं! घराच्या कर्जाचे नऊ हप्ते थकले तेव्हा दुसरा कुणी तोंड लपवून बसला असता. मी बँकेशी लेखी ठराव केला. दरमहा हप्ता आणि वर थकबाकीतला थोडा भाग, असं ओळीने सहा महिने. एक जरी चुकला तरी ठराव मोडला आणि घराचं प्रकरण कोर्टात. पाच महिने मी बिनचूक भरले होते. उरला होता फक्त एक!

या ठरावासाठी खर्चाचा तक्ता भरून द्यावा लागतो. 'पब' शून्य, 'करमणूक' शून्य, 'देणग्या' शून्य. तक्ता वाचून कुणालाही वाटलं असतं की हा माणूस मठात राहतो. गावात मात्र मी सांगून ठेवलं होतं की कर्ज केव्हाच फिटलं. गोल्फच्या काठ्या गाडीच्या मागच्या सीटवर, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशा ठेवल्या होत्या. खरं काय ते दोघींनाच ठाऊक होतं. एक माझी बायको डिंप्ना आणि दुसरी दरमहा फोन करणारी बँकेची बाई. बाईचा आवाज गोड, घोटून घोटून शहरी केलेला. पण तिचा फोन आला की लाजेने माझे कान असे तापायचे की 'हो मॅडम, होय मॅडम' पलीकडे मी काही ऐकतच नसे.

शनिवारी चर्चच्या छपरासाठी लिलाव होता. पहिलीच वस्तू होती आमच्या शेजारणीने, नुआलाने केलेला मनुकांचा केक. ही नुआला घरी बसून कॉम्प्युटरवर कसलंसं काम करते. आमच्या दोघांच्या परसांमध्ये एकच भिंत.

"मॅलकी, तुझं तर कर्जही फिटलंय!" फादर कॉर्मिक भर सभागृहात ओरडले. "कर सुरुवात!"

"वीस!" मी म्हणालो. काय करणार!

"तीस!" नुआला म्हणाली.

सगळे खो खो हसले. बाई स्वतःच्याच केकवर बोली लावतेय! मला वाटलं, मुद्दाम मला खाली पाहायला लावतेय.

"पन्नास!"

"साठ!"

डिंप्नाने टेबलाखालून नडगीवर लाथ घातली. "गप बस. मंगळवारी हप्ता आहे."

"गावासमोर माघार घेऊ?" मी कुजबुजलो आणि ओरडलो, "शंभर!"

नुआलाचा चेहरा लालबुंद झाला. "दोनशे! मॅलकी, सोड ना रे. मला हवाय तो."

"दोनशे दहा!"

टाळ्यांचा कडकडाट! डिंप्ना तेवढी टाळ्या वाजवत नव्हती.

मंगळवारी हप्ता वळता व्हायची वेळ आली, तर खात्यात एकशे नव्वद युरो कमी. बुधवारी बाराला एक मिनिट असताना फोन वाजला.

"मिस्टर गेराटी, खात्रीसाठी पत्ता सांगता?"

"चॅपल लेन, दुसरं घर, मॅडम."

"या महिन्याचा हप्ता आला नाही. मला कारण नोंदवावं लागेल."

"मावशी वारली," मी ठोकून दिलं.

"कुठली मावशी?"

मी नाव शोधतोय तोच चर्चची बाराची घंटा सुरू झाली. आमची घंटा तडकलेली आहे, दर तिसऱ्या ठोक्याला घसा खरवडल्यासारखी वाजते. डाव्या कानाला खिडकीतून ऐकू आलं, ठण, ठण, खर्र. आणि उजव्या कानाला फोनमधून, ठण, ठण, खर्र! अशी घंटा अख्ख्या आयर्लंडमध्ये दुसरी नाही. आणि गावात घरी बसून काम करणारी बाई एकच!

"नुआला?"

पलीकडून तोच घोटीव आवाज, पण जरा कापरा. "या संभाषणाचं रेकॉर्डिंग होतंय, मिस्टर गेराटी. तुम्हाला सात दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात भरलंत तर ठराव टिकेल. कारण काय लिहू?"

"केक," मी म्हणालो.

टाइप केल्याचा आवाज आला. चारच टकटक.

पाच महिने! पाच महिने मी भिंतीवरून तिला सांगत होतो की कर्जमुक्त माणसाला झोप कशी छान लागते! आणि ती 'हो का, वा!' म्हणत कपडे वाळत घालत होती. धरणीमातेने मला गिळलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी गोल्फच्या काठ्या घेऊन फादर कॉर्मिककडे गेलो.

"का विकतोयस? पाठ दुखते?"

"नाही, फादर. घराचा हप्ता भरायचाय."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा मोठ्याने बोललो. फादरनी काही न विचारता दोनशे युरो मोजून दिले. ते भरून भिंतीपाशी गेलो. नुआला चिमटे गोळा करत होती.

"नुआला, त्या लिलावात तू मला वाचवायला..."

"वाचवायला? कशातून?" तिने वरही पाहिलं नाही. "अरे, त्या केकमध्ये साखरेऐवजी मीठ पडलं होतं! गावात हसं होऊ नये म्हणून मी बोली लावत होते. तू अगदी हट्टालाच पेटलास. फेकून दे तो."

काय हायसं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे बाई माझी कीव करत नव्हती! मी उड्या मारतच घरी आलो.

"डिंप्ना, केक खाऊ नकोस! खारट आहे!"

डिंप्नाच्या बशीत नुसता चुरा उरला होता. "कोण म्हणालं?"

मी तुकडा तोंडात टाकला. मनुका, व्हिस्की, लोणी आणि साखर. मिठाचा कणही नव्हता. इतका सुंदर केक मी उभ्या जन्मात खाल्ला नव्हता, आणि तो काही केल्या घशाखाली उतरेना.

डिंप्ना माझ्याकडे बघत राहिली. "काय रे, आहे का खारट?"

"आहे," मी बाहीने नाक पुसत म्हणालो, "जरासा आहे."