थोरांच्या वर्तणुकीचा दाखला

आमच्या पाठ्यपुस्तक कार्यालयाकडे इयत्ता नववीच्या वाचनपुस्तकाबाबत एका पालकाची लेखी तक्रार आली आणि नियमाप्रमाणे आवक नोंदवहीत चढून ती माझ्या टेबलावर दाखल झाली. मी तिथे सहायक संपादक आहे. तक्रार अशी, की पालकाच्या चिरंजीवांनी थोर व्यक्तींचे धडे वाचून घरात उलट उत्तरं द्यायला सुरुवात केली होती. आईने दरडावल्यावर तो म्हणाला होता, "धडा चौदा वाच. तेसुद्धा घरी असंच बोलायचे." सोबत धडा चौदाची प्रत आणि मुलाचा फोटो जोडला होता.

एरवी अशा कागदावर 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' असा शेरा मारला, की तो कपाटात सुखाने नांदतो. पण हे पालक वरच्या खात्यात वरच्या खुर्चीवर बसत होते. आठवड्याभरात परिपत्रक आलं. क्रमिक पुस्तकांत आदर्श म्हणून घेतलेल्या प्रत्येक ऐतिहासिक अथवा साहित्यिक व्यक्तीच्या वय वर्षे बारा ते पंचवीस या काळातील वर्तणुकीची पडताळणी करावी, असा आदेश होता. नमुन्यात शाळेतील हजेरी, आईवडिलांचं नाहरकत पत्र, पोलिसांचा दाखला आणि दोन प्रतिष्ठित नागरिकांची शिफारस असे रकाने होते. उमेदवार मयत असल्यास तसं नमूद करायचं होतं.

साहेबांनी मला बोलावलं. साहेब सज्जन आहेत. निर्णय घ्यायची वेळ आली की त्यांचं डोकं दुखतं, एवढाच काय तो त्यांचा दोष.

"पुस्तकात एकूण थोर किती?" त्यांनी विचारलं.

"एकेचाळीस, साहेब."

"सगळ्यांचे दाखले महिन्याभरात आले पाहिजेत."

"साहेब, त्यातले चाळीस वारलेत."

"आणि एकेचाळिसावा?"

"तो कादंबरीतला आहे. जन्मलाच नाही."

साहेबांनी थोडा विचार केला. "मग त्याच्या जन्मदाखल्याऐवजी प्रकाशकाचं पत्र चालेल. लागा कामाला."

मी लागलो. शाळांना, तुरुंगांना, वारसांना, नगरपालिकांना एकशे बावीस पत्रं पाठवली. उत्तरं येऊ लागली तसे माझ्या नाकी नऊ आले. एक थोर शास्त्रज्ञ शिक्षकांशी वाद घालून वर्गातून निघून गेले होते, ते परतलेच नव्हते. एका कवयित्रीने ठरलेलं लग्न मोडून गाव सोडलं होतं. तिच्या पणतूने कळवलं, की घराण्याचा तिच्याशी त्या काळी काही संबंध नव्हता, अलीकडे आहे. दोन समाजसुधारकांना वडिलांनी घराबाहेर काढलं होतं, तर एकाने वडिलांनाच काढलं होतं. कादंबरीतला नायक पान तेहतीसवर मास्तरांची टोपी विहिरीत टाकत होता. एकेचाळिसांपैकी फक्त एक राजपुत्र सगळ्या रकान्यांत निर्दोष उतरला. तो अकराव्या वर्षी आजारपणात गेला होता, त्यामुळे बिचाऱ्याला बिघडायला वेळच मिळाला नव्हता.

एका राजपुत्रावर अख्खं पुस्तक काढणं अवघड होतं. साहेबांचं डोकं दुखू लागलं. शेवटी त्यांनीच मार्ग सुचवला. थोर माणसं बदलता येत नाहीत, पण त्यांचे धडे आपल्या हातात आहेत. या कामाला त्यांनी 'संपादकीय संस्कार' असं नाव दिलं आणि माझ्या बढतीची फाइल माझ्यादेखत टेबलाच्या उजव्या बाजूकडून डाव्या बाजूला सरकवली. डावीकडे सहीची कागदपत्रं असतात.

खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडलं. शास्त्रज्ञांचा वाद 'शंकानिरसन' झाला. कवयित्री 'वडीलधाऱ्यांच्या संमतीने हवापालटासाठी' गेली. ज्यांनी तीन-तीन वर्षं तुरुंगवास भोगला होता, त्यांना मी 'शासकीय निवासस्थानी' मुक्कामाला ठेवलं. पण माझी खरी कारागिरी धडा सातमध्ये दिसते. या धड्यातले महापुरुष सोळाव्या वर्षी शाळेत शिकत असताना मुख्याध्यापकांनी एका आजारी मुलाला छडीने झोडपलं. महापुरुषांनी छडी हिसकावून मोडली, मुख्याध्यापकांना त्यांच्याच खोलीत कोंडलं आणि छडी बंद केल्याचं लेखी मिळेपर्यंत दार उघडलं नाही. मी लिहिलं: 'छडी जुनी झाल्याचे या गुणी विद्यार्थ्याच्या लक्षात आले. त्याने ती नम्रपणे मागून घेऊन तिच्या टिकाऊपणाची चाचणी घेतली. मग मुख्याध्यापकांना शांतपणे काम करता यावे म्हणून त्याने बाहेरून कडी लावली.' साहेब दोनदा वाचून म्हणाले, "डोळ्यांत पाणी आलं हो."

त्या महापुरुषांना शाळेने काढून टाकलं होतं. त्या हुकुमाची नक्कल शाळेनेच आमच्या पत्राला उत्तर म्हणून पाठवली होती, मुख्याध्यापिकाबाईंच्या सहीनिशी. त्यांनी ती वाचली नसावी. सहीसाठी आलेला कागद वाचायचा नसतो, हे मलाही ठाऊक आहे. हुकुमात लिहिलं होतं, 'सदर विद्यार्थी हा संस्थेस कलंक असून त्याच्या सहवासाने इतर मुले बिघडण्याचा संभव आहे.' आज त्या शाळेला त्याच महापुरुषांचं नाव आहे आणि फाटकात त्यांचा अर्धपुतळा आहे. नक्कल मी घरच्या कपाटात ठेवली. आमची मुलगी त्याच शाळेत नववीत शिकते.

घरात आम्ही तिला वकील म्हणतो. प्रश्न विचारल्याशिवाय ती पाणीसुद्धा पीत नाही. शाळेच्या ग्रंथालयात काचेची सहा कपाटं आहेत आणि सहाही कुलूपबंद असतात, कारण तपासणीच्या वेळी पुस्तकांची संख्या जुळावी लागते. मुलं काचेतून पुस्तकांच्या पाठी वाचतात. ती उघडावीत म्हणून वकिलीणबाईंनी वर्षभरात चार अर्ज दिले. चौथ्या अर्जावर 'पुस्तके हाताळल्याने खराब होतात' असं लेखी उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशी ती घरून स्क्रूड्रायव्हर घेऊन गेली. कुलपाला हातही न लावता तिने बिजागऱ्या काढल्या, दार भिंतीला टेकवून ठेवलं आणि वर्गाला पुस्तकं वाटली. प्रत्येकाची वहीत सही घेतली. एकसुद्धा पुस्तक हरवलं नव्हतं. त्यामुळे गुन्हा अधिकच गंभीर मानला गेला, कारण त्यामागे पूर्वतयारी दिसत होती.

शाळेतून मला बोलावणं आलं. माफीनामा दिला तर ताकीद, नाही तर शाळेतून नाव कमी. वार्षिक परीक्षा दोन महिन्यांवर होती आणि आता नाव कमी झालं तर पोरीचं वर्ष बुडणार होतं.

"अहो, तुम्ही काहीही करा," बायको म्हणाली, "पण तिचं वर्ष वाचवा. आणि तिला तोंड उघडू देऊ नका."

"पहिलं जमेल," मी म्हणालो.

दोन्ही जमलं नाही.

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. बाईंनी टेबलावरचं नवं वाचनपुस्तक उघडलं आणि धडा सात मोठ्याने वाचून दाखवला. माझी वाक्यं त्यांच्या तोंडून फारच भारदस्त वाटत होती.

"ऐकलंस?" बाई म्हणाल्या. "ज्यांच्या नावाच्या शाळेत तू शिकतेस, ते मोठ्यांशी कसे वागले बघ. छडीसुद्धा मागून घेतली त्यांनी. आणि तू?"

"बाई, हे खोटं आहे," ती म्हणाली. "त्यांनी छडी मोडली होती. त्यांना याच शाळेने काढलं होतं. तो कागद आमच्या कपाटात आहे, मी वाचलाय. हो ना, बाबा?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही त्याच कार्यालयात ना? मग तुम्हीच सांगा."

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण माझ्या डोळ्यांपुढे साहेबांच्या टेबलाची डावी बाजू आली. घसा साफ करून मी म्हणालो, "पुस्तकात जे छापलंय, ते समितीने मान्य केलेलं आहे."

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही की रागावली नाही. लहानपणी खेळणं उघडून आतली यंत्रं बघायची, तेव्हा ती असंच बघायची. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तेवढ्याने वाक्य मागे घेता येत नाही.

माफीनामा टाइप करून तयारच होता. त्यात शेवटचं वाक्य होतं, 'यापुढे मी धडा सातमधील महापुरुषांप्रमाणेच वागेन.' तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट वाचला.

"एवढंच करायचं?" तिने विचारलं.

"एवढंच, बाळ," बाई मायेने म्हणाल्या.

तिने सही केली, तारीख घातली, पेन जागेवर ठेवलं आणि "येते बाई" म्हणून बाहेर गेली. मग बाहेरून कडी लागल्याचा आवाज आला.

"बाई," दारापलीकडून ती म्हणाली, "तुम्हाला शांतपणे काम करता यावं म्हणून लावलीय. कपाटं रोज उघडी राहतील एवढं लिहून दाराखालून सरकवा, लगेच उघडते."

बाई उठून दार वाजवू लागल्या. "अहो, काहीतरी बोला ना तिला! तुमची मुलगी आहे ती!"

मी दारापाशी गेलो. लाज वाटत होती आणि त्याच वेळी छाती फुगत होती. दोन्ही एकाच छातीत मावत नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "अगं, परीक्षा आहे तुझी."

"आणि तुमची, बाबा?"

तिने एवढंच विचारलं. यावर समितीने मान्य केलेलं काही नव्हतं. चाळीस मिनिटं मी बाईंच्या समोरच्या खुर्चीवर बसून राहिलो. शेवटी बाईंनी लिहून दिलं आणि दार उघडलं. कपाटं खरोखर उघडली. मुलं तिथे पुस्तकं वाचतात, असं ऐकतो. तपासणीसाठी आलेल्या साहेबांनी या उपक्रमाबद्दल बाईंचं जाहीर अभिनंदन केलं.

मुलीला त्याच संध्याकाळी काढून टाकण्यात आलं. दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सदर विद्यार्थिनी ही संस्थेस कलंक असून तिच्या सहवासाने इतर मुले बिघडण्याचा संभव आहे.' शब्द शाळेच्या दप्तरातून तयारच मिळाले असावेत. मला बढती मिळाली. साहेबांनी पेढे मागितले नाहीत, हा त्यांचा समजूतदारपणा.

त्यानंतर मी तिला घेऊन पाच शाळा फिरलो. पाचही ठिकाणी भिंतींवर थोरांच्या तसबिरी होत्या, सगळे माझ्या ओळखीचे, सगळ्यांचे दाखले मी पाहिलेले. प्रत्येक ठिकाणी चहा मिळाला. एका मुख्याध्यापकांनी तर तिची हकिकत ऐकून टाळी दिली. "शाब्बास! अशीच तरुण मंडळी हवीत समाजाला!" मग दाखला वाचून ते म्हणाले, "फक्त आमच्याकडे नको. आमचे पालक जरा संवेदनशील आहेत." शेजाऱ्यांनीही तोंडभरून कौतुक केलं आणि आपल्या मुलींना आमच्याकडे पाठवणं बंद केलं.

"तू लिहून टाक ना पाठ्यपुस्तकात काहीतरी हिच्याबद्दल," माझी बहीण फोनवर म्हणाली. "दादा, तुझ्या हातात आहे ते."

"आहे," मी म्हणालो. "पण त्यासाठी आधी ती मेली पाहिजे." एवढं म्हणून मी फोन ठेवला.

आता तुमच्याकडे येतो. मी घाबरट आहे हे इथवर वाचून तुम्हाला कळलंच असेल, आणि कडी लागली तेव्हा तुम्ही माझ्या मुलीच्या बाजूने होतात, हेही मला ठाऊक आहे. बरं वाटलं. तुमची मुलगीही नववीतच आहे ना? तिच्या बाकावर एक जागा रिकामी असल्याचं कळलं. शाळेची हरकत नाही. शेजारी बसणाऱ्या मुलीच्या पालकांची संमती तेवढी त्यांना लेखी हवी आहे. कागद सोबत जोडला आहे. सही कधी करताय?