सुभद्राबाईंनी धुतलेलं ठिगळ

सुरतजवळ बमरोलीच्या कापड मिलमध्ये छपाई मशीनचा रबरी पट्टा फाटला आणि खानदेशातून आलेल्या हिलालची झोप उडाली. पट्ट्याला ठिगळ लावणं हे त्याचं काम. पण सकाळी सोल्युशनने चिकटवलेलं ठिगळ दुपारच्या चहाआधीच कापडाबरोबर निघून येई. तिसऱ्यांदा तसं झालं, तेव्हा शेठ म्हणाले, "शनिवार सुधी जोउं छुं. पछी बीजो माणस." शनिवारपर्यंतच मुदत होती.

लॅबचे जयंत साहेब शिकलेले. ते म्हणाले, "हिलाल, पक्कं रबर आतून घट्ट विणलेलं असतं. सोल्युशनला धरायला वर काही मिळतच नाही. आतलं तसंच ठेवून फक्त वरचा थर बदलायला हवा."

"कसा बदलू, साहेब?"

"तेच पुस्तकात शोधतोय."

शुक्रवारी हिलालने उरलेल्या रबराचं शेवटचं ठिगळ कापून, सकाळी लावायचं म्हणून घरी आणलं आणि तो आंघोळीला गेला. प्लेगनंतरचं वर्ष होतं. त्याची बायको सुभद्राबाई बाहेरची वस्तू ब्लीचिंग पावडरने घासल्याशिवाय घरात घेत नसे. आज तिने वर संडासचं अ‍ॅसिडही ओतलं. चाळीसमोर असा उग्र वास सुटला की शेजारी खोकत पळाले. ती मात्र नाकाला पदर बांधून, लांब दांड्याच्या ब्रशने घासत होती.

हिलाल ओल्या अंगानेच बाहेर धावला. "हाई काय करं तू? मन्ही नोकरी धुई टाकी!"

"मिलमा उंदीर फिरतस. मन्हा घरमा चालाव नही!"

ठिगळाची चकाकी पार गेली होती. दुसरं नव्हतंच, म्हणून शनिवारी हिलालने देवाचं नाव घेऊन तेच चिकटवलं. सोमवार गेला, गुरुवार गेला. जयंत साहेबांनी नखाने उचकटून पाहिलं, मग सुरीने. ठिगळ हलेना.

"काय लावलंस रे?"

हिलाल लाजत म्हणाला, "बायकोनं धुतलं, साहेब."

संध्याकाळी साहेब वही घेऊन दारात हजर. सुभद्राबाईला वाटलं, तक्रार आली. "मी हातबी लावा नही!"

साहेबांनी हात जोडले. "वहिनी, रबराचा फक्त वरचा थर बदलायची युक्ती मी पुस्तकात शोधत होतो, ती तुम्ही पावडर आणि अ‍ॅसिडने दारात करून दाखवलीत. पावडर किती घेतली?"

"मूठभर."

"कोणाची मूठ?"

"मन्ही!"

साहेबांनी लॅबमध्ये स्वतःच्या मुठीने करून पाहिलं. रबराला तडे गेले. दुसऱ्यांदा केलं, तेव्हा ठिगळ तासाभरात सुटलं. त्यांनी वही मिटली आणि ते शेठकडे गेले.

पहिल्या तारखेला गेटवर नवा पास आला: सुभद्राबाई, रबर खातं. हिलालची नोकरीही टिकली. बादली उचलायला तिला माणूस लागणारच होता.