यादीत नसलेली गाठ

शिंपीकाकांच्या जठरातून लिंबाएवढी गाठ काढली, ती निरुपद्रवी निघाली, आणि तिथून त्यांच्यामागे शुक्लकाष्ठ लागलं.

प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाईंनी गाठीचे काप रंगवले, सूक्ष्मदर्शकाखाली दोनदा पाहिले आणि स्वच्छ लिहिलं: मज्जातंतूच्या आवरणाची गाठ, दुर्मिळ, कर्करोग नाही, पुढे उपचार नकोत. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी पडल्यापडल्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाचं तुटलेलं बटण लावून दिलं.

पण घरी सोडायचं तर आजार संगणकात नोंदवावा लागतो, आणि तिथल्या यादीत या गाठीचं नाव नव्हतं. ‘इतर’ हा पर्याय पूर्वी होता. सगळे तोच निवडतात म्हणून तो काढून टाकला होता. ‘आजार नाही’ लिहावं, तर मग पोट कशासाठी फाडलं याची चौकशी लागणार. तेव्हा नोंदणी अधिकाऱ्यानं त्यातल्या त्यात जवळचा म्हणून ‘कर्करोग’ निवडला आणि संगणकानं तत्परतेनं सोमवारपासून केमो ठरवून टाकली.

काकांच्या पायाखालची जमीनच सरकली. त्या औषधानं बोटं बधिर होतात असं त्यांनी ऐकलं होतं. बोटं गेली तर सुई कोण धरणार? ते डॉक्टरबाईंना घेऊन थेट अधिकाऱ्यासमोर उभे राहिले.

यादीत नवं नाव घालायला अधिकाऱ्याची ना नव्हती. नियम एवढाच, की त्या आजाराच्या पाच रुग्णांची नोंद हवी. नोंद होती शून्य.

“अहो, सहा तर मीच पाहिलेत,” बाई म्हणाल्या.

“असतील. पण यादीत नाव नव्हतं ना, म्हणून ते कर्करोगात गेले.”

“मग त्यांचं झालं काय?” काकांनी धास्तावून विचारलं.

“ठणठणीत आहेत. कर्करोगातून बरे करण्यात आपलं इस्पितळ शहरात पहिलं आहे, ते काय उगाच?”

मग काकांची दया येऊन अधिकाऱ्यानं मार्ग सुचवला. ‘शस्त्रक्रियेनंच पूर्ण बरा’ असा शेरा मारतो, केमो रद्द होईल. काकांनी फक्त कर्करोग मान्य करायचा आणि एक फोटो द्यायचा. बाई काहीतरी बोलणार होत्या, पण काकांनी आपल्या दहाही बोटांकडे पाहिलं आणि सही ठोकली.

आता मोठ्या चौकात इस्पितळानं लावलेला काकांचा हसरा फलक आहे: ‘मी कर्करोगाला हरवलं!’ काकू त्या रस्त्यानं जातच नाहीत.

परवा सिग्नलला थांबून तुम्हीच तो वाचलात, आणि घरच्यांना बजावलंत, “उद्या मला काही झालंच, तर याच इस्पितळात न्या.”