सुरंगीचा चढ आणि अठ्ठेचाळीस व्होल्ट

गफूरभाय भेटले की माणसाला आधी त्याचं वजन विचारायचे. तब्येत नाही, पाऊसपाणी नाही, मुलं कुठे असतात तेही नाही. "वजन किती हाय तुमचा?" एवढंच. उत्तर मिळालं की मान तिरकी करून समोरच्याला डोक्यापासून चपलांपर्यंत बघायचे आणि तो खरं बोलला का ते ताडायचे.

माझं वजन ब्याऐंशी. मी अठ्ठ्याहत्तर सांगितलं होतं. "बाकीचे चार किलो घरी ठेवून आलात काय, आप्पा?" असं त्यांनी मला भर रस्त्यात, दोन मासळीवाल्यांच्या देखत विचारलं. त्या दोघी आठवडाभर मला बघून हसत होत्या. मला राग लवकर येतो आणि बराच वेळ टिकतो, पण गफूरभायांवर रागावून उपयोग नसतो. आपण रागावलोय हे त्यांच्या लक्षातच येत नाही.

आमचं गाव नागावच्या अलीकडे. निवृत्त झाल्यावर मी मुंबईहून परत आलो आणि वडिलांच्या नारळीच्या वाडीत पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. कुंपणापलीकडे गफूरभायांचं घर. एका शनिवारी पुण्याचं एक जोडपं उतरलं होतं. बाई सकाळी चहाचा कप घेऊन कुंपणाशी उभ्या, तर पलीकडून प्रश्न आला, "ताई, वजन किती असंल तुमचा?" बाईंनी कप ठेवला, नवऱ्याला हाक मारली, नवरा बाह्या सरसावत बाहेर आला, तर गफूरभायांनी त्यालाही विचारलं. पुढे त्या बाईंनी इंटरनेटवर लिहिलं, जागा छान, शेजारी विचित्र.

गफूरभाय सव्वीस वर्षं आखातात एका बंदरावर क्रेनचे इलेक्ट्रिशियन होते. लुंगी, वर इस्त्रीचा बुशशर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर. काम संपलं, नारळ पडला, सामना हरला, सगळ्याला त्यांचा एकच शब्द, "खलास." बाकी माणूस सालस. माझा पंप तीनदा दुरुस्त करून दिलाय आणि तिन्ही वेळा चहाही घेतला नाही.

वजनाच्या मागे होती सायकल. जुनी काळी, लग्नाच्या वेळची, मागे लोखंडी कॅरियर. आखातात असताना दर सुट्टीत येऊन तिला तेल द्यायचे आणि पडवीत टांगून परत जायचे. कायमचे घरी आल्यावर त्यांनी तिच्या मागच्या चाकात एक विजेची मोटर बसवली. सोललेल्या नारळाएवढी, आत दातेरी चक्रं, बाहेर छापलेलं, छत्तीस व्होल्ट. सपाटीवर झकास पळायची. पण गफूरभायांना सपाटीशी कर्तव्य नव्हतं. त्यांना सुरंगीचा चढ चढायचा होता, तोही मागे माणूस बसवून.

गाव संपलं की सुरंगीचं झाड आणि तिथून वरच्या मोहल्ल्यापर्यंत एकदम उभा रस्ता. रिक्षासुद्धा तिथे कण्हते. पहिल्या चाचणीला त्यांनी मला बसायला सांगितलं. मी नाही म्हटलं. मी सगळ्यालाच आधी नाही म्हणतो आणि मग मुकाट्याने करतो. कॅरियरवर ब्याऐंशी किलो, पायडलवर गफूरभाय. निम्म्यात, आंब्याच्या वळणावर, सायकलीने मान टाकली आणि आम्ही दोघं बांधावरच्या करवंदीत. काट्यांचं सोडा. त्याच मासळीवाल्या तेव्हाच वरून उतरत होत्या.

मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवशी गफूरभाय माझ्या वाडीतल्या पाण्याच्या टाकीखाली उभे. "आप्पा, पाइप तोच ठेवला आनि टाकी उंच बांधली, तर पानी जोरात येतं का न्हाय?" येतं, मी म्हटलं. "मग झाला. आपन टाकी उंच करू." त्यांच्या बॅटरीत दहा सेल एका रांगेत होते, ते तेरा करायचे. म्हणजे छत्तीसचे अठ्ठेचाळीस व्होल्ट. मी घाबरून विचारलं, मोटर जळणार नाही का? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते पुढे वर्षभर मी सकाळ-संध्याकाळ ऐकलं. "करंट तापवतो, व्होल्टेज पळवतो." मोटर जोरात फिरत राहिली तर टिकते, चढावर रेंगाळली तर जळते.

अठ्ठेचाळीस व्होल्टची पहिली फेरी मे महिन्यात झाली. सायकल त्यांच्या अंगणातून सुटली ती थेट माझ्या बायकोने वाळत घातलेल्या कोकमांवरून. चाकांचे लाल पट्टे रस्त्याच्या टोकापर्यंत उठले. बायकोने मला झापलं, कारण मी समोर होतो. गफूरभाय परत आले तेव्हा डोळे चमकत होते. "पळते हो, आप्पा."

मोटरीला किती वीज सोडायची ते ठरवणारा नवीन कंट्रोलर आला होता, त्याच्यासोबत हँडलवर लावायचं एक बटण. दाबून धरलं की सायकल माणसाच्या चालीने आपली आपण पुढे सरकते, शेजारून नुसतं चालायचं. ते बघून गफूरभाय हसले. चालायचंच असेल तर मोटर कशाला घालायची, म्हणाले. पण लावून टाकलं.

मग पाऊस सुरू झाला आणि चाचण्या थांबल्या. पाऊस सरल्यावर मी पुन्हा कॅरियरवर. या वेळी आंब्याचं वळण ओलांडलं. मी ओरडणार इतक्यात मागच्या चाकातून सुपारी कातरल्यासारखा आवाज आला, आणि मग मोटर नुसतीच आतल्या आत भिरभिरायला लागली. घरी येऊन त्यांनी ती उघडली. आत तीन पांढरी प्लास्टिकची चक्रं, तिघांचेही दाते सपाट. ती त्यांनी तळहातावर घेतली आणि बराच वेळ बघत राहिले. "खलास," म्हणाले, पण या वेळी आवाज बसलेला होता. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, गफूरभाय, सोडा आता. वरपर्यंत रिक्षा जाते, तुमच्या दोन्ही पुतण्यांकडे स्कूटर आहे.

"स्कूटर चढतेच की," ते म्हणाले. "ही सायकल चढली पायजे."

नवी चक्रं यायला दीड महिना लागला. तेवढ्यात त्यांनी आपली चूक शोधली. उभ्या सायकलीला एकदम पूर्ण वीज द्यायची नाही. आधी पायडल मारून गती घ्यायची, मग मोटर हळूहळू सोडायची, आणि चढाच्या आधी लांबून पळत यायचं. एकीकडे गावाला वजनं विचारणं चालूच होतं. पन्नास किलोचा पोस्टमन चढवला, साठ किलोचा वायरमन चढवला, भाताचं पोतं चढवलं. दर वेळी वर गेलं की सायकल आडवी घालायची, मोटरीवर तळहात ठेवायचा आणि अरबीत मोजायचं. वाहिद, इस्नेन, तलाता. हात जितके आकडे टिकला तितकी मोटर खुशाल. तीनच्या आत हात उचलावा लागला तर त्या दिवशी जेवणसुद्धा धड जायचं नाही.

घरातून या सगळ्याला कौतुक शून्य. त्यांची बायको, हलीमाभाभी, उंच, शांत बाई. डावा गुडघा धरलेला, तरी कुंपणावरून आमच्याकडे तांदळाची गोड सांदणं पाठवायचं चुकवत नाहीत. त्या मला एकदा म्हणाल्या, सव्वीस वर्षं क्रेनी वरखाली केल्या, तरी ह्यांचं मन भरलं न्हाय. गफूरभायांनी त्यांनाही वजन विचारलं होतं. त्यांनी सांगितलं नाही. एवढी एक तरी गोष्ट माझी माझ्याजवळ राहू दे, म्हणाल्या.

मार्चच्या सुरुवातीला मी चढलो. ब्याऐंशी किलो, न थांबता, आंब्याचं वळण मागे टाकून वर. आयुष्यात मी काही फार जिंकलेलो नाही, त्यामुळे मला भरून आलं. गफूरभायांनी मोटरीवर हात ठेवला. सात आकडे, सबापर्यंत. मग हात तसाच ठेवून, माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

"लगीन झाल्यावर ह्याच सायकलीवरून तिला माहेरी न्यायचो. वरच्या मोहल्ल्यात. सुरंगीशी आलो की तिला उतरावा लागायचा, मी सायकल ढकलायचो. आठ महिन्यांनी व्हिसा आला. जाताना बोललो, दोन वर्सांत येतो, मग तुला ह्या चढावर कधी उतरावा लागनार न्हाय. दोनाची सव्वीस झाली, आप्पा. सुट्टीला यायचो तर टॅक्सी, सामान, पावनेरावने. सायकल न्हाय निघाली. तुमची भाभी वजन सांगत न्हाय, म्हनून माप तुमच्यावर बेतला. तुमी चढलात म्हंजे ती चढली."

वर्षभर मला भाताच्या पोत्यासारखं वापरलं, याचा राग यायला हवा होता. नाही आला.

पुढच्या शुक्रवारी सकाळी मला चढाच्या माथ्यावर उभं केलं, हातात पाण्याची बाटली आणि मोटर गार करायला ओला पंचा. खाली सुरंगी फुलली होती, वास वरपर्यंत येत होता. गफूरभाय भाभींना मागे बसवून लांबून पळवत आले. झाडापाशी क्षणभर आड झाले आणि मग सायकल चढाला लागली. काय चढली म्हणून सांगू! आंब्याचं वळण कधी गेलं कळलंच नाही. हे पुढे वाकून बसलेले, नजर रस्त्यावर, दाढी वाऱ्यावर. माथ्यावर माझ्यापुढे ब्रेक मारला आणि म्हणाले, "बघा आप्पा! चढ हाय असा वाटलाच न्हाय!"

मी कॅरियरकडे बघत होतो. कॅरियरवर सांदणांचा डबा बांधलेला होता. भाभी नव्हत्या.

त्यांनी वळून पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. खाली, निम्म्यापर्यंतही न पोचलेल्या, हलीमाभाभी एक हात गुडघ्यावर ठेवून हळूहळू चढत येत होत्या. गफूरभायांनी सायकल माझ्या अंगावर टाकली आणि त्या वयात उतारावरून धावत सुटले. मीही सायकल धरून मागोमाग. आंब्याच्या वळणावर तिघं भेटलो.

पडलीस काय, लागलं काय, असं ते विचारत होते. भाभींना लागलं नव्हतं. सुरंगीशी वळताना गती अगदी कमी झाली तशी त्या सवयीने उतरल्या होत्या.

"चढ आला की आपन उतरतो," त्या म्हणाल्या. "मना वाटला, तुमीपन उतराल."

गफूरभाय तिथेच बांधावर बसले. माझ्या हातातला पंचा घेऊन त्यांनी तोंड पुसलं. तुला उतरावा लागू नये म्हणून तर वर्षभर मेलो, असं काहीतरी पुटपुटले. मी सायकलीच्या घंटीशी चाळा करत उभा.

"कॅरियरवर बसला की तुमची पाठ दिसते नुसती," त्या म्हणाल्या. "चढावर तुमी बाजूला असायचात. आठ महिन्यांत आपला जो काय बोलना झाला, तो ह्या चढावर. सव्वीस वर्सं मी तो चढ आठवत बसले, आनि तुमी तोच काढून टाकायला निघालात."

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं आणि हलवतही नव्हतं. गफूरभाय उठले. त्यांनी माझ्याकडून सायकल घेतली, भाभींचा हात कॅरियरवर ठेवला, घट्ट धर म्हणाले, आणि हँडलवरचं ते बटण दाबलं, ज्याला वर्षभर हसत होते. सायकल आपली आपण पुढे निघाली, माणसाच्या चालीने, भाभींच्या गुडघ्याला हलकासा आधार देत. दोघं एका बाजूने चालत वर गेले. मी बरंच अंतर ठेवून मागे राहिलो.

आता दर शुक्रवारी हेच. सुरंगीपर्यंत भाभी कॅरियरवर, झाडाशी दोघं उतरतात. अठ्ठेचाळीस व्होल्टच्या मोटरीवर चढापुरतं वजन म्हणजे फक्त सांदणांचा डबा. गावात ते आता कोणाला वजन विचारत नाहीत. मी या दोन महिन्यांत तीन किलो कमी केले आहेत आणि सांगायला माणूस नाही.

गेल्या शुक्रवारी मी वरच्या मोहल्ल्यात कामाला गेलो होतो, परतताना माथ्यावर दोघं भेटले. गफूरभायांनी सवयीने सायकल आडवी घातली, मोटरीवर हात ठेवला आणि मोजायला लागले. अशरापर्यंत पोचले, दहा. मोटर गार होती, तापायला काही कारणच नव्हतं. ते थांबले. पुढचे आकडे हलीमाभाभी म्हणायला लागल्या, अरबीत, न अडखळता, अकरा, बारा, तेरा. मी थक्क झालो. विचारलं, भाभी, तुम्हाला कुठून येतात हे?

"हे तिकडून कॅसेट भरून पाठवायचे," त्या म्हणाल्या. "लिहायचा कंटाळा. थोडा बोलायचे, मग बोलायला काय सुचायचा न्हाय. पन टेप उरलेली असायची ना. मग टेप संपेपर्यंत आकडे मोजायचे. मी सगळी ऐकायचे."